हाव बा

सोमवार, ६ जानेवारी २०२५, उदगीर

आलो एकदाचा! नांदेडहून एसटीनं, अकरा कॅनव्हास चादरींत गुंडाळून. कंडक्टर म्हणाला, काका, आरसे असतील अन् फुटले तर म्या जिम्मेदार न्हाई. म्हटलं, आरसे न्हाईत बा, माणसं हायत, धक्का लागला तर शिव्या देतील. अर्धी गाडी हसली.

धान्याच्या मोंढ्यासमोरच्या एका बंद आडतीची माडी भाड्यानं मिळाली. खाली दुकान कुलूपबंद. चौदा पायऱ्या, वर बाहेरची खोली, तिच्या आत दुसरी, मधे दाराऐवजी पडदा. बाहेरच्या खोलीत बाज टाकली, आतल्या खोलीत रंग मांडले. आतल्या खिडकीतून सगळा मोंढा दिसतो. मालक संगप्पा पलीकडच्या गल्लीत राहतो. माणूस भला आहे. अट एकच घातली: माडीवर कुणाला बोलवायचं नाही. म्हटलं, मालक, साठीतल्या एकट्या पेंटरकडं कोण येतंय? तो हसला नाही.

बुधवार, ८ जानेवारी

हात चांगला चालतोय. पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, नावं सगळी दुसऱ्यांची. मग फ्लेक्स आलं आणि ब्रश वाळले. पंचवीस तारखेला लातूरला माझ्या चित्रांचं प्रदर्शन आहे. दारावर 'दयानंद' एवढंच लिहिणार, ते पण स्वतःच्या हातानं.

सिनेमाची बॅनरं रंगवणारे माझे उस्ताद सांगायचे की माणसाचं तोंड काढायच्या आधी त्याचं बोलणं ऐक. आणि माहूरची रेणुका, नुसतं मुख! अंग नाही, हात नाहीत, तरी सगळी देवी तिथंच. या दोन गोष्टींवर माझं नवं काम उभं आहे. खिडकीत बसायचं, मोंढ्यातला एखादा आवाज पकडायचा आणि न बघता त्याचा चेहरा काढायचा. मग खाली जाऊन ताडून बघायचं. आज तुरीच्या सौद्यात ओरडणाऱ्याची मिशी चुकली, जबडा बरोबर निघाला. त्याला चित्र दाखवलं तर म्हणतो, पेंटर, ह्ये तर माझं सासरं हाय!

दुपारी सौदे आटोपले की मोंढा गप्प होतो. तेव्हा जिन्याखालून कुणीतरी हळू विचारलं, "बर्ला?" बरं हाय ना, असंच असणार. सीमेवरची बोली, शेपटीला 'ला' लावत असतील. सावलीला बसलेला हमाल असेल. मी वरूनच म्हटलं, "हाव बा!" आमच्याकडचं 'हो रे बाबा'.

शनिवार, ११ जानेवारी

रोज दुपारी विचारतो. "बर्ला?" आवाज म्हाताऱ्याचा, अदबीचा. मी ओरडून सांगतो, "हाव बा!" जिन्यात डोकावलं की कुणी नसतं. लाजाळू दिसतोय.

बायकोला, तारामतीला, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून असं रोज कुणी विचारलं नव्हतं. ऋतुजा लातूरहून फोन करते, पण तिचा प्रश्न बीपीच्या गोळीचा असतो. लेक नोकरी करते, तिच्या मागं शंभर कामं, तिला कशाला बोल लावा. तरी कुणी विचारलं की बरं वाटतं. आज तो एकदाच विचारून थांबला, मी मात्र तीनदा "हाव बा" म्हटलं. उगीच. स्वतःचंच हसू आलं.

त्याचा चेहरा काढायला घेतला. जमत नाही. माझे कान फक्त अंतर सांगतात. बुधवारी तो पहिल्या पायरीवर होता, काल सातव्या. आज दाराशी.

सोमवार, १३ जानेवारी

आवाज अगदी दाराबाहेरून आला. सवयीनं "हाव बा" म्हणून गेलो आणि लगेच दार उघडलं. कुणी नाही. पायऱ्यांवर धूळ, धुळीत माझ्याच चपलांचे ठसे.

परत आत येऊन ब्रश उचलला, तर बाहेरच्या खोलीत बाज करकरली. कुणी जपून बसावं तशी.

सुंभ ढिला झाला असेल.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

संगप्पानं जेवायला बोलावलं. त्याची बायको सिंधु भालकीची, घरात कन्नड बोलते. आम्ही ताटावर बसलो होतो. त्यांची चिमुरडी चिखलाचे पाय घेऊन उंबऱ्यावर थांबली आणि आईला म्हणाली, "बर्ला?"

माझा घास हातात राहिला.

सिंधु म्हणाली, "हौ, बा!" आणि पोरगी आत पळत आली.

मी संगप्पाला अर्थ विचारला. बर्ला म्हणजे येऊ का. हौ म्हणजे होय. बा म्हणजे ये.

मग त्याला सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला. म्हणाला, वडलांच्या काळात आडतीवर एक हमाल होता, भालकीकडचा. कधी न विचारता उंबरा ओलांडला नाही. एका थंडीत ताप अंगावर घेऊन जिन्यात बसला, वर येऊ का विचारत राहिला. वडील वर आडवे झाले होते. जागे होते. उत्तर दिलं नाही. सकाळी तो पायरीवरच —

संगप्पानं विचारलं, "पेंटरसाब, तुम्ही किती डाव बा म्हणलात?"

मला मोजता येईना.

आज इथंच त्याच्याकडं झोपतोय. तो म्हणतो, चित्रं ऱ्हाऊ द्या वरच. कशी राहू देऊ? आयुष्यात माझ्या नावाचं एवढंच काम. ऋतुजाला फोन केला, उद्या दुपारी टेम्पो घेऊन ये म्हटलं. कारण सांगितलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी, सकाळी दहा

संगप्पाला जिना चढवेना. मी एकटाच वर आलो. तोंड उघडायचं नाही, एवढं ठरवलंय. बाहेरची खोली रिकामी. बाजेवर मधोमध खोलगा. माझी चादर नीट घडी करून बाजूला ठेवलेली.

आत प्लग नाही, म्हणून फोन बाजेशेजारी चार्जिंगला लावला. आतल्या खोलीत चित्रं बांधतोय.

साडेबारा

सौदे संपले. बाज करकरली. तो उठला.

आता पडद्यापाशी आहे. फोन त्याच्या बाजूला. जिना त्याच्या बाजूला.

"बर्ला?"

मी ओठ दाबून धरलेत. तोंड बंद ठेवायचं म्हणून हात चालू ठेवलाय, लिहितोय.

एक वाजता

पुन्हा विचारलं. चिडत नाही. घाई नाही. खूप वर्षं वाट बघितलेला माणूस. पडद्याला कपाळ टेकवलंय, कापडावर गोल उमटलाय. खाली नाक. त्याखाली कापड आत ओढलं जातं, बाहेर येतं.

खरं सांगतो, शब्द तोंडापर्यंत आला होता. भीतीनं नव्हे. त्याला कुणी हो म्हटलं नाही म्हणून —

गिळला.

दीड

टेम्पोचा हॉर्न. ऋतुजा उतरली. खिडकीकडं बघून हात हलवतेय.

ती वर आली तर जिन्यात, खोलीत, त्याच्यातून —

ओरडू? मी बोललो की ती उत्तर देणार. आणि लेकरू मला बाबा म्हणत नाही. लहानपणापासून नुसतं —

एका कॅनव्हासची पाठ घेतली. लाल रंग. वीतभर अक्षरं: वर येऊ नको. बोलू नको. पस्तीस वर्षांत इतकी वाकडी पाटी लिहिली नव्हती.

खिडकीत टेकवून उभी केली.

ती वाचतेय. हसली. बापाची मस्करी वाटली तिला. मान हलवतोय, नको, नको, हात जोडले —

तिनं तोंडाशी दोन्ही हात धरले. सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं ओरडली, "का, बा?"

पडदा बाजूला