पन्नासचा आकडा

२ डिसेंबर
सायकल क्लबने आयुष्यभराची कामगिरी मोजायचं नवं माप काढलं. आकडा पन्नास म्हणजे किमान पन्नास दिवस, दर दिवशी किमान पन्नास किलोमीटर. पन्नासवाल्याला प्रजासत्ताक दिनी ढाल. मी पेण-रोहा-पेण, ऐंशी किलोमीटर, दोनशे बारा वेळा केलं आहे. आभाराचं भाषण लिहायला घेतलं.

४ डिसेंबर
समीक्षाने माझ्या सायकलफेऱ्यांच्या जुन्या वह्या तपासल्या. म्हणाली, "बाबा, दर वेळी रोह्याला आत्याकडे मुक्काम. एका दिवसाचे चाळीसच. तुमचा आकडा चाळीस."
मी तिला श्रम आणि कारकुनी यांतला फरक समजावला. अर्धा तास. ती तोवर भाजी निवडत होती.
एकाच दिवशी ऐंशी फक्त एकदा. भावोजींशी जेवणाआधीच वाद झाला होता तेव्हा.

५ डिसेंबर, पहाटे ४
उरलेले एकोणपन्नास दिवस. प्रजासत्ताक दिनापर्यंत हातात बावन्न. संकल्प अटळ.

५ डिसेंबर, सकाळी ८
तीन दिवस विश्रांतीचे आहेत. ते आधीच घेतलेले बरे.

८ डिसेंबर
निघालो. रामवाडीला चहा. टपरीवाला म्हणाला, "सर, आता इलेक्ट्रिक घ्या." अशा विधानाला उत्तर न देणं हा भ्याडपणा. पाऊण तास गेला. रोह्याला पोचलो तेव्हा दुपार. हौसाताईला दारातूनच सांगितलं, पाणी पिऊन परत फिरणार.
"आलास तसा चाललास? शेजारी काय म्हनतील? वालाचं बिरडं केलंय. बस गुपचूप."
दोनदा वाढलं. उठलो तर दिवेलागण.
मुक्काम. चाळीस.

९ डिसेंबर
परतलो. चाळीस. मोहीम स्थगित. मापच मुळात माणूसघाणं आहे.

२६ जानेवारी
ढाल हैबतरावला. खाडीपलीकडचा, वाडवडील मिठागरावर. वीस वर्षं पेणच्या कंपनीत सायकलने येतो, जाऊन-येऊन बावन्न. आकडा बावन्न. त्याने कधी मोजलंही नव्हतं. प्रमुख वक्ता मी. श्रमिकाच्या चाकावर बोललो. मध्येच तो उठला, "सर, तुमचं चालू दे. माझी शिफ्ट हाय." ढाल त्याच्या वतीने मीच स्वीकारली. टाळ्या झाल्या.

२७ जानेवारी
ढाल शोकेसमध्ये शोभते. समीक्षा म्हणाली, "नेऊन द्या त्यांना. सायकलने. जाऊन-येऊन बावन्न होतील, पन्नासवरचा एक दिवस तरी वाढेल."
विचार योग्य आहे. पण ढाल जड आहे.
रिक्षा सांगितली.