“तुमचे वडील का?”

प्रिय आईस,
वाकून नमस्कार. आम्ही दोघं सुखरूप आहोत. संग्रहालयात प्रत्येक दालनात बसायला बाकं होती, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याची तुझी धास्ती फुकट गेली. तुझा खोकला थांबला का?

काल नाटकाला गेलो. नाटकातली सून घर सोडून निघाली, सगळे चिडीचूप, आणि बाबा मोठ्याने म्हणाले, “अगं पोरी, जेवून तरी जा!” अख्खं नाट्यगृह हसलं. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, “तुमचे वडील का?”

मी म्हणाले, “नाही हो.” आई, माझी जीभ कशी रेटली कोण जाणे! बाबांनी ऐकलं. मग शेवटपर्यंत ते तोंडाला रुमाल लावून बसले.

नाटक संपल्यावर ती नटी मुद्दाम बाहेर येऊन म्हणाली, “काका, इतक्या प्रयोगांत मला थांबवणारे तुम्ही पहिलेच.” बाबांनी मला हाताला धरून पुढे केलं. “ही माझी मुलगी. हिनेच आणलं मला.” शेजारच्या त्या बाई तिथेच उभ्या होत्या. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

आजही तिकिटं आहेत. बाबा म्हणतात, “तू एकटीच जाऊन ये. माझ्या तोंडाचा भरवसा नाही.”

आई, त्यांना कसं समजावू?

तुझी,
धाकटी