मागच्या काचेवरची वेलांटी

बाबा, गाडी घ्यायची ठरली तेव्हा सगळ्यात आधी तुमची आठवण आली, आणि ती चांगली आठवण नव्हती. शोरूममधल्या पोराने विचारलं, "काय पाहिजे भाऊ, लूक का ॲव्हरेज?" आणि अमरावती रोडच्या नाक्यावर आपल्या काळीपिवळी टॅक्सीच्या बोनेटला टेकून उभे असलेले तुम्ही माझ्यासमोर आलात. तुम्ही 'एवरेज' म्हणायचात. लिटरमागे गाडी किती किलोमीटर चालते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण तुमच्या तोंडी तो माणसांनाही लागायचा, आणि सगळ्यात जास्त मला.

कशासाठी गाडी, ते सांगतो. मी जिथे काम करतो तो छापखाना मालकाने शहरातून उचलून कोंढाळीच्या पुढे नेला. आम्ही औषधांचे खोके, रसाच्या बाटल्यांची लेबलं छापतो. छापायला जाण्याआधी मजकूर माझ्या टेबलावर येतो आणि मी ऱ्हस्वदीर्घापासून पूर्णविरामापर्यंत सगळं तपासतो. जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस. एसटीने कितीही लवकर निघालो तरी आठच्या पाळीला साडेआठ होतात. सुपरवायझरने सांगून टाकलं, "भाऊ, तीन महिने चालवून घेतो, त्याच्या पुढच्या एक तारखेपासून आठ म्हणजे आठ. नसन जमत तर सांग, दुसरा माणूस पाहतो मी." दहावीच्या पुढे न शिकलेल्या माणसाला शुद्धलेखनावर पगार देणारी दुसरी जागा नागपुरात सापडत नाही. मी शोधून पाहिली आहे. दहावीच्या पुढे का शिकलो नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

निकालाच्या दिवशी मी गुणपत्रिका घेऊन स्टँडवर आलो होतो. मराठीत वर्गात पहिला, गणितात काठावर पास. तुम्ही कागद हातात धरता, उलटा करता, सुलटा करता. तुम्हाला वाचता येत नाही हे स्टँडवर सगळ्यांना माहीत आहे, तरी तुम्ही वाचल्यासारखं करता. मग विचारता, "गणितात किती?" मी सांगतो. तुम्ही बाकीच्या ड्रायव्हरांकडे वळता. "याचं एवरेज कमी हाय. खाते जास्त, चालते कमी. याच्यात जेवढं डिझेल टाकीन तेवढं वायाच जाईन." सगळे हसतात. कॉलेजचा फॉर्म माझ्या दप्तरात होता, तो तिथेच राहिला. दुसऱ्या सोमवारी तुम्ही मला स्टेअरिंगवर बसवलंत. मी अकरावीत गेलो नाही, हे एका वाक्यात आणि दहा माणसांसमोर ठरलं. घरी आल्यावर तुम्ही आईला सांगितलंत की पोरानेच नाही म्हटलं.

तुमच्या गाडीइतकं ॲव्हरेज मात्र स्टँडवर दुसरं कोणी काढू शकत नव्हतं. तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हातमाग होता. सुताचा तुकडा वाया घालवायचा नाही हे तुमच्या हाताला लहानपणापासून ठाऊक, आणि माग विकून गाडी घेतली तेव्हा तुम्ही तेच डिझेलला लावलंत. उतार लागला की गाडी न्यूट्रल, आणि कोंढाळीच्या पुढच्या लांब उतारावर तर किल्लीच फिरवून इंजिन बंद. "ऐक बे, आता काहीच खाऊन नाही राहिली," तुम्ही मला म्हणायचात, आणि बंद गाडी वाऱ्याच्या आवाजात खाली घरंगळत जायची. मागच्या सीटवरच्या बाया पदर सावरायच्या. मी ब्रेकबद्दल विचारलं तर तुम्ही म्हणालात, "काहून घाबरते रे? दोन वर्षं चालव, मग मले शिकव."

बंद गाडीत ब्रेकला इंजिनाची मदत मिळत नाही, बाबा. एक-दोनदा पेडल दबतं, मग दगड होतं. हे शोरूमच्या पोरालाही माहीत आहे. तुम्हालाही माहीत असणार, कारण तुम्ही नेहमी पायाखाली एक दाब राखून ठेवायचात. त्या दिवशी तळेगावच्या लग्नाला जाताना उसाची ट्रॉली आडवी आली तेव्हा तुमच्याजवळ राखलेला दाब संपलेला होता. तुम्ही जागीच गेलात. बाजूला आई होती. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून सरळ राहिला तो आजही वाकत नाही. ती खाली मांडी घालून जेवायला बसू शकत नाही, देवासमोर पाटावर बसू शकत नाही. मी एवढी वर्षं तिचा पाय स्टुलावर ठेवून देतो आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की हे काम तुमच्याकडून करून घ्यायला हवं होतं. किती डिझेल वाचलं असेल त्या उतारावर? कपभर. मी काढून पाहिलं आहे. कपभरसुद्धा नाही.

म्हणून मी गाडी निवडायला तीन महिने घेतले. तुमची सून, जिला तुम्ही पाहिलं नाही, एक दिवस वैतागून म्हणाली, "तुम्ही गाडी पाहून राहिले का गाडीचं पोस्टमार्टम करून राहिले?" तिचं चुकत नव्हतं. मी सीएनजीची छोटी गाडी पाहिली, जुनी डिझेल पाहिली, नवी पेट्रोल पाहिली. विजेवरची गाडी आमच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरून चार्ज होणार नाही, ती सोडली. सीएनजीच्या तीन पंपांवर मी सकाळी जाऊन रांग मोजली. तिथे उभं राहिलो तर एसटीसारखेच साडेआठ वाजतील. जुन्या डिझेलचं ॲव्हरेज चांगलं, पण तिला धक्का मारून चालू करताना मी पाहिलं आणि माझी झोप उडाली. कंपनीच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही, तुमच्या आकड्यावर नव्हता तसाच. मी प्रत्येक वेळी टाकी पहिल्या टकपर्यंत, म्हणजे नळी आपोआप बंद होईपर्यंत, भरायचो, कोंढाळीपर्यंत ऐंशीच्या वेगाने जाऊन यायचो, त्याच पंपावर त्याच नळीने पुन्हा पहिल्या टकपर्यंत भरायचो. टायरची हवा आधी स्वतः तपासायचो. चौथ्या वेळी शोरूमचा पोरगा म्हणाला, "भाऊ, गाडी घ्यायची हाय का पीएचडी करायची हाय?" मी म्हटलं, दहावी झाली आहे, पीएचडीला वेळ आहे. तो हसला. मी हसलो नाही, कारण बोलताना माझ्या तोंडून तुमचा सूर निघाला होता.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक हलकी पेट्रोल, लिटरला चार किलोमीटर जास्त देणारी. दुसरी जड, रस्ता धरून चालणारी, पुढे-मागे हवेच्या पिशव्या असलेली, ब्रेक दाबला की जागच्या जागी थांबणारी. चार किलोमीटर रोजच्या एकशे तीसला लावले तर लहान गोष्ट नाही. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून आठ दिवस बसलो. स्टँडवर तुम्ही असतात तर मला हलकीच घ्यायला लावली असतीत आणि जडीला 'हत्तीण' म्हटलं असतं.

जडीची शेवटची चाचणी मी कोंढाळीच्या पुढच्या त्याच उतारावर घेतली. तोपर्यंत मी तो उतार टाळत होतो. एसटीत असलो तर तिथे डोळे मिटायचो. उताराच्या तोंडाशी आलो आणि माझा डावा हात विचारायला न थांबता गियरच्या दांडीवर गेला आणि न्यूट्रल करू लागला. तो हात तुम्ही शिकवलेला आहे. बाजूला बसलेला पोरगा ओरडला, "अहो भाऊ, न्यूट्रल काहून करता? गियरातच राहू द्या, फक्त पाय काढा अन् समोर पहा." मी पाय काढला. त्या क्षणी किती पेट्रोल जळतंय ते दाखवणारा समोरच्या पट्टीवरचा काटा शून्यावर गेला. गाडी गियरमध्ये उतरत होती, इंजिन तिला धरून होतं, ब्रेक जिवंत होता, आणि पेट्रोल थेंबभरही जात नव्हतं. "न्यूट्रल केली का इंजिन फुकट चालत राहते," पोरगा म्हणाला, "जुन्या लोकाईची सवय हाय ते." तुमच्या जुन्या गाडीत इंजिन बंद करून थोडं वाचत असेल, ते मी नाकारत नाही. पण न्यूट्रलची जी हुशारी तुम्ही आयुष्यभर मिरवलीत, जिच्यावरून मला कमी लेखलंत, ती हुशारी नव्हतीच. मला आनंद झाला, बाबा. उतार संपेपर्यंत मला फार आनंद झाला, आणि ट्रॉली आडवी आली होती त्या वळणावर मी ब्रेक दाबून पाहिला, काही आडवं नसताना. गाडी थांबली. मागून ट्रकवाल्याने शिव्या घातल्या. मी जड गाडी घेतली.

आईला गाडी दाखवली तेव्हा तिने आधी पुढचं दार उघडलं, सीट मागे सरकवायला लावली आणि पाय लांब करून पाहिला. "पुरते गा," म्हणाली. मग मी न्यूट्रलची गोष्ट तिला सांगितली, जरा जास्तच खुशीत. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "त्याईले मेल्यावर नापास करून राहिला का तू? आपल्याच पोटासाठी वाचवत होते ते." मी म्हटलं, तुझा पाय गेला त्यात. ती म्हणाली, "पाय माहा हाय ना? मंग राग मले येऊ दे." नंतर तिने एकच गोष्ट मागितली. तुमच्या गाडीवर मागे होतं तसं मागच्या काचेवर लिहून आण.

तुमच्या गाडीवर काय होतं ते सांगायची गरज नाही, पण ज्याच्यावर माझा आजवरचा राग उभा आहे तो दिवस सांगायला हवा. काचेवर पिवळ्या रंगात होतं, 'आई-वडीलांचा आशीर्वाद'. मी तेव्हा नववीत. रंग वाळून दोन दिवस झाले होते. स्टँडवर एक शिक्षक गाडीत बसायला आले, काच पाहून हसले आणि म्हणाले, "वडिलांची वेलांटी कोणी ओढली हो एवढी? वडील दीर्घ, पण वडिलांचा ऱ्हस्व." सगळे ड्रायव्हर पाहायला आले. मी पटकन म्हणालो, "पेंटरची चूक आहे." तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि पहिल्यांदा ते वाक्य बोललात. "याचं एवरेज कमी हाय." लोक शिक्षकांना विसरून मला हसले. मी तुमच्या सुनेला, छापखान्यातल्या मित्रांना ही गोष्ट नेहमी अशीच सांगितली आहे: बापाला अक्षर येत नव्हतं, पोराला चूक कळत होती, आणि बापाने त्याचा सूड घेतला.

रेडियमच्या दुकानात गेलो. दुकानदार काचेचं माप घेत म्हणाला, "मजकूर लिहून द्या भाऊ. आमी तसंच्या तसं कापतो, वेलांटी इकडची तिकडे करत नाही. मागून भांडण नको." त्याने कागद आणि पेन पुढे केलं आणि मी तिथे उभा राहिलो.

पेंटरनेही तसंच्या तसं काढलं होतं, बाबा. चिठ्ठी मी लिहिली होती. तुम्हीच सांगितलं होतं, घरात मराठीत पहिला कोण, तूच लिही. वहीचं पान फाडून, चांगल्या अक्षरात, दीर्घ वेलांटी देऊन. तुम्ही ती चिठ्ठी हातात धरून पेंटरच्या मागे उभे होतात, एकेक अक्षर ताडून पाहत, चित्र ताडून पाहावं तसं. शिक्षक हसले तेव्हा तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं, 'यानंच लिहून देल्लं.' तुम्ही ते म्हणाला नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतर कधीही नाही, आणि काचही पुसली नाहीत. मी ऱ्हस्वदीर्घाचे नियम पाठ केले ते त्यानंतर, आणि आज त्यावरच आमचं घर चालतं.

हे पत्र पाठवायचं नाही, त्यामुळे यात गोड बोलायची गरज नाही. दहावीचा दिवस मी माफ केलेला नाही. आईचा पाय माफ केलेला नाही, तिने केला असला तरी. एका न बोललेल्या वाक्याने ते फिटत नाही. उद्या एक तारीख आहे. सकाळी मी तुमच्या उतारावरून गियरमध्ये उतरणार आहे.

दुकानदाराला मी दोनच शब्द लिहून दिले, 'आईचा आशीर्वाद'. दोनदा तपासून दिले. आईने काच वाचली आणि विचारलं, "अन् ते कुठं गेले?" मी म्हटलं, काच लहान आहे, जागा पुरली नाही. जागा होती.