पॅनलमधला पहिला नंबर

प्रिय दादा,

हे पत्र वहिनी तुझ्या उशाशी ठेवेल आणि काही न बोलता निघून जाईल, असं आमचं ठरलंय. तिच्यावर चिडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, निरोप पाठवला तर भिंतीकडे तोंड करतोस, आणि मागच्या खेपेला मी स्वतः आले तर झोपेचं सोंग घेतलंस. खरा झोपलेला माणूस इतक्या एका सुरात घोरत नाही रे. मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिले, वहिनीने केलेला चहा प्यायले आणि निघाले. वाईट वाटलं, पण खरी भीती वाटली ती दारात. वहिनी सोडायला आली आणि म्हणाली, हल्ली तू काही मागतही नाहीस. पाणीसुद्धा ती देईल तेव्हा पितोस. पाय गेले ते आपण सगळ्यांनी कसंबसं पचवलं, दादा. पण तू असाच आत आत जात राहिलास तर आम्ही दोघींनी काय करायचं, हे मला कुणी सांगत नाही.

असो. रडगाणं बाजूला ठेवते, कामाचं सांगते. कामाचं तू ऐकतोस.

कापडाच्या दुकानातलं आगीच्या घंटेचं आपलं ते जुनं पॅनल आठवतं ना? जिन्याखालची लाल पेटी. विमा कंपनीने दुकानवाल्यांना बजावलंय की पॅनलमध्ये काय चाललंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, आणि आत काही बिघडलं तर पॅनलने आपणहून फोन लावला पाहिजे. म्हणजे मोडेम बसवायचा. काम माझ्याकडे आलं, कारण त्या पेटीला हात लावायला दुसरं कुणी तयार होईना. तुझ्या वायरिंगचा सगळ्यांनी धसका घेतलाय. दार उघडलं तर आत सगळं तुझंच. प्रत्येक वायर वळणावर पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, आणि दाराच्या आतून तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: मेन आणि बॅटरी दोन्ही काढल्याशिवाय हात घालू नये, घातल्यास हात आपला. मी गुपचूप दोन्ही काढलं.

मोडेम म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. आत सिम कार्ड, बाहेर शेपटीसारखी अँटेना. शेजारच्या भिंतीत प्लग होता, आणि मॅनेजर पाठीशी उभा राहून सांगत होता की मॅडम, इथूनच करंट घ्या, लगेच होईल. माझा हात तिकडे जाणार एवढ्यात तू कानात ओरडलास, आगीत सगळ्यात आधी जाते ती वीज, मग तुझी डबी फोन कसा लावणार, कपाळ? म्हणून पॅनलच्याच बॅटरीवर जोडला. बॅटऱ्या फुगलेल्या होत्या, त्याही बदलल्या. जिन्याखाली रेंजचा पत्ता नाही, मग अँटेनाची वायर जिन्याच्या कडेने वर खिडकीपर्यंत नेली. ती कुठेही लोंबत नाही, हे तू विचारायच्या आधीच सांगते.

आणि एक. लांबून नुसतं बघता येईल असंच मी ठेवलंय. लांबून घंटा बंद करायची सोय या डबीत आहे, पण ती मी उघडली नाही. घंटा ज्याला बंद करायची त्याने आधी त्या जागी जाऊन बघून यावं, हा तुझा कायदा आहे. मॅनेजरला तो पटला नाही. न पटू दे.

सगळं जोडून करंट दिला, लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर एकेक जागेचं नाव उमटायला लागलं. बाकीचे लोक झोन एक, झोन दोन असं टाकून मोकळे होतात. तू काय टाकलंयस ते तुला तरी आठवतं का? 'माल उतरवतात तिथे'. 'मागचा जिना, दार चिकटतं'. 'साहेब चोरून विडी ओढतात'. आग विझवायला येणाऱ्या परक्या माणसाला आकडे कळत नाहीत, जागा कळते, असं तू म्हणायचास. मी त्या जिन्याखाली एकटीच हसत सुटले. मग हसता हसता रडू आलं. इतके महिने तू माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतास, आणि तिथे तुझं अखंड चाललं होतं.

मला पहिल्यांदा शिडीवर तूच चढवलंस. सगळे नातेवाईक नाकं मुरडत होते, मुलीच्या जातीला हे काय काम म्हणून. तू म्हणालास, शिडीला कुठे कळतं वर कोण आहे ते. जन्मभर उंच शिड्यांवर फिरलास आणि पडलास तो घरातल्या स्टुलावरून, बल्ब बदलताना. मला त्या स्टुलाचा इतका राग आला होता की वहिनीला न विचारता मी ते भंगारात दिलं. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

तर ती नावं उमटत गेली आणि शेवटचं आलं, 'वर शिवणकाम, बायका'. त्याच्यापुढे एकच शब्द होता. बंद.

मला आधी वाटलं माझंच काही चुकलं. पण नाही. पेटीच्या दारावरच्या बिघाडाच्या पिवळ्या दिव्यावर चिकटपट्टी लावलेली होती, आणि बझरच्या भोकात कापूस कोंबलेला. मॅनेजरला विचारलं तर म्हणतो कसा, वर इस्त्रीची वाफ झाली की उगाच घंटा वाजायची, खाली गिऱ्हाइकं खरेदी टाकून पळायची, म्हणून तेवढ्या मजल्याची घंटा बंद करून ठेवलीय. कधीपासून, तर त्याला नीट आठवेना. माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर गेले. सगळ्या बायका मान खाली घालून मशीनवर, इस्त्र्या तापलेल्या, चिंध्यांचे ढीग, आणि डोक्यावर धुराचा मुका डिटेक्टर. मागच्या जिन्याचं दार बघायला गेले तर ते दिसेचना. कापडाची ठाणं छातीपर्यंत रचलेली.

त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी, चष्म्याला दोरी बांधते ती, तिने मला ओळखलं नाही पण माझी हत्यारांची पिशवी ओळखली. तुझीच पिशवी ना ती. विचारायला लागली, तो रागीट दादा कुठे असतो हल्ली? तिनेच सगळं सांगितलं. तू काम असो नसो, जाता येता वर चक्कर टाकायचास म्हणे. दारापाशी एक ठाण जरी आडवं दिसलं तरी मॅनेजरला वर बोलावून सगळ्यांसमोर झाडायचास, आणि त्याची पाठ वळली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग तू यायचा थांबलास. आधी एक ठाण आलं, कुणी काही बोललं नाही. मग दुसरं आलं. घंटा बंद झाली ते या बायकांना कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. त्यांना वाटत होतं, तुझ्या जागी कुणी नवीन दादा येऊन वाफेचा बंदोबस्त करून गेला. मी तिला तुझं काय झालं ते सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाली, पाय गेले, पण तोंड शाबूत आहे ना?

तिचा प्रश्न तुला जसाच्या तसा पोचवतेय, दादा.

इस्त्रीच्या टेबलावरचा डिटेक्टर मी बदलला. आता तिथे उष्णतेवर चालणारा आहे, वाफेला तो भुलत नाही. तू केव्हापासून त्यांच्या मागे लागला होतास तोच. मजला चालू केला, चिकटपट्टी काढली, ठाणं माझ्यासमोर हलवायला लावली, दार दोनदा उघडून बघितलं. चिकटतंच अजून. पण मी काही खुळी नाही. माझी पाठ वळली की ठाणं परत येतील, आणि मला रोज तिकडे जाणं जमणार नाही.

खरा आगीचा फोन कंट्रोल रूमला, जिथून सगळीकडची पॅनलं लांबून बघतात तिथे, थेट जातो, त्याची काळजी नाही. तिथली पोरं चांगली आहेत, धावपळ करतील. पण पिवळा दिवा लागला की ती काय करतात ते मी तिथे बसून पाहिलंय. समोर ढीगभर पॅनलं, प्रत्येकावर कुठला ना कुठला दिवा. बघितलं म्हणून बटण दाबायचं आणि पुढे जायचं. त्यांचाही दोष नाही, त्यांनी त्या बायका कुठे बघितल्यात? आगीला कुणीही घाबरतं. नुसत्या दिव्याला रागावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय.

म्हणून हे पत्र. बिघाडाचे फोन ज्यांना जायचे ते दोन नंबर मोडेममध्ये टाकायचे होते. पहिला मी तुझा टाकलाय. न विचारता टाकलाय, हो. दया वगैरे मनात आणू नकोस. दया आली असती तर फळं घेऊन आले असते. वहिनीकडे एक लॅपटॉप ठेवलाय, उघडलास की ते पॅनल पलंगावरून दिसेल, तुझ्याच शब्दांत. तिथून तुला काही बंद करता येणार नाही, फक्त बघता येईल आणि मॅनेजरला फोन करून झाडता येईल. सोमवारी सकाळी, इस्त्र्या तापायच्या आधी, मी शिडीवर चढून वरचा डिटेक्टर जागेवरून काढणार आहे. शिडी मावशी धरणार आहे, तिला सगळं माहीत आहे. बिघाड झाला असं समजून खाली पिवळा दिवा लागेल आणि पॅनल तुला फोन करेल. तू उचललास तर माझ्याशी बोलावं लागणार नाही, रेकॉर्ड केलेला आवाज आहे, माझ्या आवाजात तुझेच शब्द: वर शिवणकाम, बायका. नाही उचललास तर रिंग वाजून वाजून थांबेल आणि मग दुसऱ्या नंबरला लागेल. दुसरा नंबर माझा आहे, फोन खिशात असेल. मी वर शिडीवरच थांबणार आहे, दादा, आणि माझा फोन वाजायला नको आहे.

तुझीच, तू नाव ठेवलेली,
ठिणगी