बाबांचा पहिला घास

प्रिय बाबा,

आमच्या वागळे इस्टेटच्या कंपनीत मशीन बसवायला चीनहून आलेले चेनसाहेब आठवतात ना? पुढच्या आठवड्यात परत येतायत. मेलमध्ये विचारलंय, बाबांसोबत पुन्हा जेवायला येऊ का? तुम्ही गेल्याचं मी त्यांना अजून कळवलेलं नाही. आधी तुमच्याशी बोलते.

शहाडला आपल्या घरी त्या दिवशी काय गंमत झालेली! पाहुण्याने सुरुवात केल्याशिवाय तुम्ही ताटाला हात लावणार नव्हता. आणि त्यांच्याकडे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाआधी कुणी खात नाही. तुम्ही म्हणताय, "घ्या, घ्या." ते नुसते हसतायत. पुऱ्या चामट झाल्या. शेवटी मी दोघांना समजावलं, तेव्हा कुठे तुम्ही पुरी मोडलीत.

मग ते सांगत बसले. मोठ्यांचा मान जेवणापासून सुरू होतो, मग तो शाळेत, कारखान्यात, सगळीकडे पोचतो, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. मी तोऱ्यात भाषांतर करत होते. चिनी शिकलेली तुमची हुशार मुलगी ना!

आणि त्यांनी सहज विचारलं, रोज बाबाच पहिला घास घेतात का?

मी अडखळले. रोज मी फोनवर काय म्हणायचे? "बाबा, तुम्ही जेवून घ्या." घरी आले तरी ताट घेऊन लॅपटॉपसमोर. पहिला घास तुमचाच असायचा, पण दुसरा घ्यायला समोर कुणी नसायचं.

प्रश्न तुम्हाला सांगितला. माझ्याकडे न बघता तुम्ही त्यांना आमटी वाढलीत आणि म्हणालात, "सांग त्यांना, हो. रोज."

मी तसंच सांगितलं. चेनसाहेब म्हणाले, त्यांची आई गावी एकटीच जेवते. हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे बघितलं असतंत.

एकदा तरी रागवायचं होतंत, बाबा! "मोहने गावच्या कारखान्यात भोंग्यावर जेवलेला माणूस मी, एकटं जेवायचं मला काय त्याचं," म्हणायचात. पण तिथे तुमच्यासोबत अख्खी पंगत असायची, हे आत्ता माझ्या लक्षात येतंय.

चेनसाहेबांना मी बोलावणार आहे. त्या दिवशीचं उत्तर दुरुस्त करून सांगणार आहे, की बाबा माझ्यासाठी खोटं बोलले, रोज ते एकटेच जेवायचे. नक्की सांगेन. मग ते थांबतील, घरातल्या मोठ्या माणसाने सुरुवात करायची वाट बघत.

आता घरात मोठी मीच आहे, बाबा.

तुमची
सुजू