जुईचे कापलेले शॉट

३ मे
लखनौला पोचले. अमौसी विमानतळावर सुजय स्वतः गाडी घेऊन आला होता. पुण्यातल्या फिल्म कोर्सनंतर सहा वर्षांनी भेटलो, पण गोमती नगरच्या त्याच्या फ्लॅटपर्यंत गप्पा संपल्या नाहीत. त्याच्या सिनेमाचं एडिटिंग मी करायचंय. पृथ्वी जळून राख झालीय, शेवटची बाई यानात बसून निघते. पुढची चाळीस मिनिटं एकही संवाद नाही. राख खरीखुरी, वीटभट्टीतून आणलेली. बाईचं काम जुईने केलंय. घर मराठी, वडील इथेच रेल्वेत इंजिनियर. माझं मराठी तिला कळतं, उत्तर हिंदीत देते. गोड आहे.

६ मे
दुपारी जुई निशातगंजहून कचोऱ्या घेऊन आली. सुजयने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, अगदी सहज. या सिनेमाची कल्पना कोर्सला असताना आम्ही दोघांनी मिळून लिहिली होती. ती बाई मी होणार होते. त्याच्या लक्षातही नाही. मी आठवण करून दिली नाही.

८ मे
जुईचा पहिला क्लोजअप कापला. बॅकअपमधूनही पुसला. लय तुटत होती, असं सुजयला सांगितलं. त्याला पटलं. संध्याकाळी जुई आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. खोकली, तर रुमालावर राख. लू चल रही है ना, म्हणाली.

११ मे
आणखी चौदा शॉट पुसले. का ते मला माहीत होतं, तरी हात थांबला नाही. आज जुई सुजयच्या समोर उभी राहून बोलत होती आणि तो तिच्या आरपार भिंतीकडे बघत होता. मला बरं वाटलं. लिहू नये, पण वाटलं.

१३ मे
जुई कुठेय, सुजयला विचारलं. कौन जुई, म्हणाला.
तिच्या आईला फोन केला. बाईंनी नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, आम्हाला मूलबाळ नाही हो.
सिनेमात यानातली खुर्ची रिकामी.

१४ मे, सकाळ
पुसलेले शॉट परत मिळवतेय. एकेक येतोय — जुई खुर्चीत बसलीय. रडलेच.
पण यानाच्या खिडकीबाहेर राखेत कोणीतरी उभं आहे. हा शॉट मी शंभरदा पाहिलाय, तिथे कोणी नव्हतं. माझाच कुर्ता —

दुपार
बाहेरच्या खोलीत जुईचा आवाज. धावत गेले. सुजयला हाक मारली, त्याने मान वर केली नाही. जुईने केली. माझ्याकडे बघितलं — नीट बघितलं — आणि माझ्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. पुसायचे शॉट निवडतेय.

तोंडात राख. खिडकीबाहेर रस्ता नाही, इमारती नाहीत, नुसतं राखाडी — यान सुटायच्या आत तिला सांगायला हवं की मीच तिला परत आ