रोटी पलीकडच्या गाडीवर

दि. ९ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. तू बरा असशील, जेवणखाण वेळेवर होत असेल असं धरून चालते. आईचा खोकला थांबलाय. तुझ्या खोलीची खिडकी सुताराकडून दुरुस्त करून घेतली. आता ती बंद होते. उघडत नाही, पण तो परत येतो म्हणालाय.

मेळाव्याचं तू काकांकडून ऐकलंस. त्यांचा आवाज मला इथे ऐकू येतो: "तुझ्या आईनं पाहुण्यांसमोर घोळ घातला, पोरीची मान खाली गेली." म्हणून घडलं ते क्रमाने लिहिते. काही राहिलं तर मुद्दाम नाही.

आमच्या कार्यालयाने शहराच्या खाद्यसंस्कृतीचा मेळावा भरवला. बाहेरचे पाहुणे, पत्रकार, मैदानात पांढरे तंबू. आपल्या गल्लीचं जेवण त्यात हवंच, हे मीच सुचवलं. साहेबांना आवडलं, फक्त त्यांना एक तंबू आणि एकच चेहरा हवा होता. त्यांनी आईचा निवडला. फलकावर तिचा फोटो, खाली 'शहराची चव'.

मी म्हणाले, "साहेब, ते जेवण एकट्या आईचं नाही. रस्सा तिचा, रोटी भट्टीवाल्या मामांची, लोणचं कोपऱ्यावरच्या मावशींचं. वाडगं घेऊन माणूस तिन्ही गाड्या फिरतो, तेव्हा कुठे ते जेवण होतं."

"मग रोटी हॉटेलातून मागवू. पाहुण्यांना काय फिरायला लावायचं?"

आपल्या गल्लीत कोणी दुसऱ्याची वस्तू विकत नाही, हे तुला मी काय सांगू. बाबा गेले तेव्हा आपली गाडी बंद होती. मामांनी गिऱ्हाइकांना कोरडी रोटी दिली, शिव्या खाल्ल्या, पण स्वतः रस्सा चढवला नाही. आपण गाडी पुन्हा लावली तेव्हा आपलं गिऱ्हाईक आपलंच होतं.

हे सगळं मी आईला सांगितलं, हॉटेलच्या रोटीसकट. ती म्हणाली, "येते की. रस्सा आणते." एवढंच.

उद्घाटनाला पहिलं वाडगं एका टोपीवाल्या बाईंना दिलं. त्या म्हणाल्या, "आणि रोटी?" हॉटेलची टोपली आईच्या कोपराशीच होती. आईने तिच्यावर फडकं टाकलं.

"रोटी पलीकडच्या गाडीवर. फाटकातून बाहेर, डावीकडे."

बाईंना चेष्टा वाटली.

"हसताय काय? रस्सा निवतोय!"

आता काकांनी जे गाळलं ते. मला वाचवायला गाळलं असेल. सूत्रसंचालन माझ्याकडे, म्हणून माईक माझ्या हातात होता. साहेब खुणावत होते, सावरून घे. उचलताना माईक हनुवटीवर आपटला. मी म्हणाले, "रोटी आणि लोणचं गल्लीत मिळेल. वाडगी घ्या आणि माझ्यामागे या." आणि चालू लागले. वळून बघायची हिंमत नव्हती. फाटकाशी पोचल्यावर मागे चमच्यांची किणकिण ऐकू आली, तेव्हा कळलं, लोक येताहेत.

मामा ओरडले, "अगं बये, आधी सांगायचंस तरी! मला हात किती?" मावशींनी टोपीवाल्या बाईंना दटावलं, "रांगेत या, रांगेत. टोपीला वेगळी रांग नाही." अर्ध्या तासात मैदानात फक्त तंबू उरले.

तू म्हणतोस, माफी लिहून दे, विषय संपव. माफीचा मजकूर साहेबांनीच तयार करून दिला होता. तो माझ्या चुकीबद्दल असता, तर मी विचार केला असता. माझा स्वभाव तुला माहीत आहे, चुकून कुणाच्या पायावर पाय पडला तरी मी दोन दिवस कुढत बसते. पण त्यात लिहिलं होतं, 'माझी आई अशिक्षित असल्याने तिला कार्यक्रमाचे स्वरूप समजले नाही.' खाली मी सही करायची, आणि पुढच्या महिन्यात नोकरी कायम.

आईला सगळं समजलं होतं. तू शाळा सोडलीस म्हणून घरात मी पहिली शिकले. ते काय आईला काही कळत नाही असं शुद्ध भाषेत लिहून द्यायला?

कागद मी शुक्रवारीच सही न करता परत केला. का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हे खोटं आहे." आवाज चिरकला, पण म्हणाले. काल टेबल रिकामं केलं. म्हणजे नोकरी गेली, दादा. इतका वेळ खिडकीचं वगैरे लिहीत बसले ते ह्यासाठी.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, वाडगी घासायला माणूस हवंच होतं." आम्ही हसलो. मग ती पाठमोरी होऊन घासलेलीच वाडगी पुन्हा घासत राहिली. तेही लिहिते, नाहीतर सांगितलेलं अर्धं खरं होईल.

साहेबांना फोन करू नकोस. ते तुझ्या ओळखीचे, तुझ्या शब्दाला मान देतील, म्हणूनच नको. माझ्यावर हवं तेवढं रागव, तुझा हक्क आहे. पण आईला समजलं नाही असं पुन्हा कोणी म्हणालं, काकाही म्हणाले, तरी ऐकून घेऊ नकोस.

आजवर तुझा एकही शब्द न मोडलेली आणि हा मोडणारी,
तुझी धाकटी